ट्रकमध्ये ६०० तास गेले आणि विचर मात्र बोअर झाला, म्हणजे माझी टेस्ट खराब आहे का?

प्रश्न थोडक्यात परत मांडतो, म्हणजे मला नीट कळलाय का ते तुम्हालाही दिसेल. 'द विचर ३' हा व्हिडिओ गेम तीनदा सुरू केला आणि तिन्ही वेळा दहा-बारा तासांत सोडला. 'डार्क सोल्स' पहिल्याच बॉसपाशी, म्हणजे पहिल्याच मोठ्या शत्रूपाशी, अनइन्स्टॉल. 'रेड डेड रिडेम्पशन २' लावला की डुलकी लागते. आणि त्याच माणसाचे 'युरो ट्रक सिम्युलेटर २' मध्ये ६०० तास झालेत, वर फोनवर रंगीत गोळ्या जुळवायचा एक गेम रोज न चुकता. मित्रांसमोर हे बोललं की हशा होतो. तर तुमची टेस्ट गंडलीये, की हे मोठ्या नावाचे गेम्सच ओव्हररेटेड आहेत, असं तुम्ही विचारलंय.

मी आधी सहा वर्षं गेम टेस्टिंगला होतो आणि आता दहाएक वर्षं लेव्हल डिझाइन करतोय, म्हणजे लोक खेळताना त्यांच्याकडे बघत बसणं हेच माझं पोटापाण्याचं काम. त्या अनुभवावरून सांगतो, तुम्ही दिलेल्या दोन पर्यायांपैकी एकही बरोबर नाहीये. 'मला आवडलं नाही' आणि 'गेम वाईट आहे' ही दोन वेगळी वाक्यं आहेत आणि नेटवर निम्मी भांडणं ही दोन वाक्यं एकच समजल्यामुळे होतात. तसंच 'मला लाज वाटते' आणि 'हे माझ्यासाठी चांगलं नाही' हेसुद्धा वेगळं. तुमच्या प्रश्नात हे चारही एकाच पातेल्यात पडलेत.

एक किस्सा सांगतो. एका स्टुडिओत आम्ही जहाजावरचा एक ॲडव्हेंचर गेम करत होतो, चांगली तीस तासांची गोष्ट, आणि मध्येच एक फुटकळ मिनीगेम होता: जहाजाच्या तळाशी खोकी नीट रचायची, जेवढी जास्त बसतील तेवढे पॉइंट. प्लेटेस्टला, म्हणजे गेम बाहेर येण्याआधी लोकांना खेळायला बसवतात तेव्हा, एक मुलगा आला, पंचवीस-सव्वीसचा असेल. मी मागच्या स्क्रीनवर त्याचा चेहरा आणि गेम दोन्ही बघतोय. कटसीन, म्हणजे गोष्ट पुढे नेणारा नुसता बघायचा भाग, सुरू झाला की याचा हात पॅडवरून सुटून फोनवर, दर वेळेला, एकही अपवाद नाही. खोक्यांच्या भागात मात्र पठ्ठ्या पुढे सरकून बसला, जिभेचं टोक ओठाच्या कोपऱ्यात, एक लांबडं खोकं चार वेळा फिरवून पाचव्यांदा बसवलं आणि एकटाच हसला. वेळ संपल्यावर म्हणाला अजून पाच मिनिटं मिळतील का. मग फॉर्म भरायला दिला. गोष्टीला १० पैकी ९. खोक्यांना ४, आणि पुढे लिहिलं 'टाइमपास'.

आम्ही फॉर्मवर विश्वास ठेवला आणि खोकी काढून टाकली. पुढच्या राउंडला तोच चॅप्टर लोकांना 'लांबलेला' वाटायला लागला, का ते आठवडाभर कोणालाच कळेना. गोष्टीत तर आम्ही शब्दही बदलला नव्हता! मग लक्षात आलं की त्या खोक्यांमध्ये लोक श्वास घेत होते. परत टाकली, तक्रार गेली.

तो मुलगा खोटं बोलत नव्हता हो. कुठल्या गोष्टीला किती मार्क 'द्यायचे असतात' हे त्याच्या डोक्यात पक्कं होतं, आणि आपल्याला काय आवडतं याच्यापेक्षा आपल्याला काय आवडायला पाहिजे हेच माणूस आधी लिहितो. तुमची लाज नेमकी तिथून आलेली आहे.

आता याच्यामागचं शास्त्र, फार खोलात जात नाही. २००४ साली रॉबिन हनिकी, मार्क लब्लांक आणि रॉबर्ट झुबेक या तिघांनी गेम डिझाइनवर एक पेपर लिहिला, आमच्या धंद्यात आल्यावर तो बहुतेक सगळ्यांना वाचायला लावतात. त्यात गेममधून मिळणाऱ्या मजेचे आठ प्रकार सांगितलेत: डोळ्याकानांचं सुख, दुसरं कोणीतरी होणं, गोष्ट, आव्हान, सोबत, शोध, स्वतःला व्यक्त करणं. आणि आठवा प्रकार मला सगळ्यात आवडतो, स्वतःला गेमच्या हवाली करून टाकणं, निव्वळ विरंगुळा. हा आठवा प्रकार त्या यादीत बाकी सातांच्या शेजारीच बसलाय, खालच्या पंगतीला नाही. खालची पंगत लोकांनी नंतर आपापल्या मनात मांडली. रिव्ह्यू लिहिणाऱ्याला गोष्ट आणि आव्हान यांवर भरभरून लिहिता येतं, पण 'रात्रीच्या पावसात वायपर चालू आहेत, रेडिओ लावलाय, मागे वीस टन माल आहे आणि मी तीन तास सरळ रस्त्यावर चाललोय' यावर दोन परिच्छेदांच्या पुढे काय लिहिणार? म्हणून त्याची चर्चा होत नाही, आणि ज्याची चर्चा नाही ते हलकं समजलं जातं.

आणि ट्रकवाला गेम हलका आहे असं ज्याला वाटतं त्याने ट्रेलर रिव्हर्समध्ये लावून दाखवावा. स्टीअरिंग डावीकडे फिरवलं की ट्रेलर उजवीकडे जातो, मेंदूला ते पटायलाच वेळ लागतो. माल पोचल्यावर गेम विचारतो, अवघड पार्किंग करणार, सोपं करणार, की सोडून देणार, आणि अवघडला जास्त पॉइंट. तुम्ही ६०० तासांत बहुतेक अवघडच निवडत असणार, मी पैज लावतो. म्हणजे तुम्हाला आव्हान नको असं काही नाहीये, तुम्हाला आव्हान हवंय पण चुकल्यावर कोणी मुस्काटात मारलेलं नकोय. चुकलात तर गाडी पुढे घ्यायची आणि परत मागे घ्यायची, बस.

इथून डार्क सोल्सवर येऊ, कारण तिथे नेमकं उलटं आहे. २०११ चा गेम. मेलात की गोळा केलेले सोल्स (त्या गेममधली कमाई) मेलात तिथे पडतात, बॉनफायरपासून, म्हणजे जिथून परत उठता त्या शेकोटीपासून, परत चालत जाऊन ते उचलायचे, आणि वाटेत परत मेलात तर ते कायमचे गेले. म्हणजे चुकीची किंमत वेळेत मोजायची. आता माझं अनपॉप्युलर मत ऐका, यावर मी सहकाऱ्यांच्या शिव्या खाल्ल्यात: बॉसपर्यंतची ती परतीची पळापळ म्हणजे अवघडपणा नव्हे, ती नुसती दमवणूक आहे. बॉसशी लढताना मी शिकतो, त्याचा हात कधी वर जातो, कधी लोळायचं, कधी थांबायचं. त्याच्या दारापर्यंत दोन मिनिटं पळताना मी पहिल्या दोन-तीन वेळांनंतर काहीच शिकत नाही. डार्क सोल्सच्याच स्टुडिओने २०२२ ला 'एल्डन रिंग' काढला तेव्हा बऱ्याच बॉसजवळ मारिकाचे खांब उभे केले, मेलात तर तिथूनच उठा, आणि त्यामुळे गेम काही सोपा झाला नाही. पण माझा एक मित्र म्हणतो, त्या पळण्यातच मनाची तयारी होते, राग उतरतो. त्याच्याबाबतीत ते खरं असेलही. त्याच्याकडे एका बैठकीला चार तास असतात, माझ्याकडे चाळीस मिनिटं.

आणि एक शंका. तुम्ही 'पहिल्याच बॉसपाशी' म्हणालात, तो सुरुवातीच्या असायलममधला, म्हणजे कैदखान्यातला, जाडजूड दैत्य का? हातात तुटक्या तलवारीची मूठ असताना जो वरून धप्पकन पडतो तो? तसं असेल तर त्याला त्या वेळी मारायचंच नसतं हो. बाजूला एक दार आहे, त्यातून पळायचं, पुढे नीट हत्यार मिळतं आणि मग वरून त्याच्या डोक्यावर उडी मारायची. कितीतरी लोकांनी त्या मुठीने अर्धा तास त्याला खाजवत बसून गेम सोडलाय, आणि हा दोष तुमचा नाही, डिझाइनरने ते दार जरा जास्तच विश्वासावर सोडलंय.

विचरबद्दल. २०१५ मध्ये आला तेव्हा मी तो शेवटपर्यंत खेळलो आणि माझं मत असं की गोष्टी अव्वल, तलवारबाजी ठीकठाक, आणि नकाशावरची प्रश्नचिन्हं म्हणजे शुद्ध पाप. त्यातल्या स्केलिगे बेटांचा समुद्र आठवा: होडी घेऊन जायचं, पाण्यात तरंगणारी चोरट्या मालाची पिंपं, वरून सायरन नावाच्या पंखवाल्या राक्षसिणी येऊन होडीला चावे घेणार, त्यांना क्रॉसबोने पाडायचं, डुबकी मारून पेटी उघडायची, आत एक तलवार जी आपल्या तलवारीपेक्षा कमजोर. मग पुढचं चिन्ह. मी असली बरीच चिन्हं साफ केली आणि त्यातलं आज एकही वेगळं आठवत नाही. ब्लडी बॅरनची गोष्ट मात्र संवादांसकट आठवते. तुम्ही तीनदा दहा-बारा तासांत सोडला याचा अर्थ मला असा वाटतो की तुम्ही व्हाइट ऑर्चर्ड आणि वेलेन या सुरुवातीच्या भागांत समोर येईल ते चिन्ह पुसत बसला होतात. ट्रकवाली सवय आहे ती, काम दिसलं की करायचं. ट्रकमध्ये ते काम हाच गेम आहे. इथे ते नुसतं भरताड आहे, आणि गेम तुम्हाला ते सांगत नाही.

हे सांगण्याची एक भारी पद्धत झेल्डा मालिकेतल्या 'ब्रेथ ऑफ द वाइल्ड' मध्ये आहे. गेमच्या जगभर ९०० कोरोक बिया लपवल्यात, बॅग मोठी करायला त्यातल्या निम्म्यासुद्धा लागत नाहीत. तरी कोणी हट्टाने सगळ्या ९०० गोळा केल्याच तर बक्षीस काय मिळतं, तर सोनेरी गू. अक्षरशः त्या आकाराची वस्तू, आणि ती देताना बिया घेणारा तो जाड्या नाचतो. माझ्या मते इतका प्रामाणिक संदेश फार कमी डिझाइनरनी दिलाय: अरे बाबा, सगळं गोळा करायचं नव्हतं रे.

रेड डेड २ वर मी तुमच्याच बाजूचा आहे, फक्त कारण थोडं वेगळं. संथपणा त्यांनी जाणूनबुजून ठेवलाय, प्रत्येक हरणाचं कातडं सोलताना ते पूर्ण दृश्य बघायचं, प्रत्येक कपाटाचा प्रत्येक खण हाताने उघडायचा, आणि ज्याला त्या जगात राहायचंय त्याच्यासाठी ते सोन्यासारखं आहे. माझी अडचण मिशन्सशी आहे. बाहेर एवढं मोकळं जग, आणि मिशन सुरू झालं की ठरलेल्या रेषेच्या जरा बाजूने गेलो की मिशन फेल. मी मागच्या बाजूने डोंगरावरून जायचं ठरवलं तर काय बिघडलं? २०१८ मध्ये हे बोललो तर लोक अंगावर यायचे, आता पुष्कळ जण बोलतात.

अनपॉप्युलर मताचं असंच असतं, त्याला तारीख असते. झेल्डाचा 'विंड वेकर' आठवा. २००० साली निन्टेंडोने मालिकेचा नायक लिंक याचा वास्तववादी डेमो दाखवला होता, सगळे खूष, आणि पुढच्याच वर्षी मोठ्या डोळ्यांचा कार्टून लिंक समोर आणला. केवढी बोंब झाली, लहान पोरांचा गेम म्हणाले. २००२ च्या शेवटी जपानमध्ये आला, आणि आज त्याच काळातले 'वास्तववादी' गेम्स चिखलासारखे दिसतात आणि विंड वेकर अजून टवटवीत. ज्याने २००१ मध्ये 'मला हे आवडलं' म्हटलं असेल त्याने एकट्याने किती टोमणे खाल्ले असतील! आणि दुसरं टोक बघायचं तर २०१० चा 'डेडली प्रेमोनिशन', एका मोठ्या साइटने १० पैकी २ दिले आणि दुसरीने १० पैकी १०. दोघांनी एकच गेम खेळला. गाडी चालवायला भयंकर, गोळीबार त्याहून भयंकर, आणि गोष्टीतला डिटेक्टिव्ह असा की विसरता येत नाही. कोण चूक? कोणीच नाही, एकाने गाडी मोजली आणि दुसऱ्याने डिटेक्टिव्ह.

म्हणून मी आमच्या टीममध्ये नवीन आलेल्यांना एवढंच सांगतो की 'ओव्हररेटेड' हा शब्द वापरायचा नाही. त्यातून गेमबद्दल काही कळत नाही, फक्त गर्दीबद्दल कळतं. त्याऐवजी कुठल्या मिनिटाला हात पॅडवरून सुटला ते सांगा. तुम्हीही मित्रांशी असं बोलून बघा. 'विचर बकवास आहे' म्हटलं की भांडण, पण 'पाचवं प्रश्नचिन्ह पुसताना मला जांभई आली' म्हटलं की समोरचा म्हणणार, अरे ते कशाला पुसत बसलास.

आता गिल्टी प्लेझर, म्हणजे आवडतं पण सांगायला लाज वाटते ते. इथे मी तुम्हाला सरसकट माफी देणार नाही, कारण तुमचे दोन गेम एका जातीचे नाहीत.

माझं स्वतःचं पाप आधी सांगतो: 'पॉवरवॉश सिम्युलेटर'. पाण्याच्या प्रेशरने घाण धुवायची, एवढंच. एखाद्या भागावरचा शेवटचा डाग गेला की तो भाग चमकतो आणि टिंग वाजतं, आणि त्या टिंगसाठी मी रात्री एक वाजेपर्यंत एका व्हॅनचा खालचा भाग धूत बसलोय, राहिलेली घाण उजळवणारं बटण दर दहा सेकंदांनी दाबत. दिवसभर दुसऱ्यांसाठी अवघड लेव्हल बनवणारा माणूस घरी येऊन हे करतो. सुरुवातीला मीही लपवायचो. मग 'व्हॅम्पायर सर्व्हायव्हर्स' आला, ज्यात तुम्ही फक्त इकडून तिकडे चालता आणि हत्यारं आपोआप चालतात, दिसायला अगदी फुटकळ, आणि २०२३ मध्ये ब्रिटनच्या बाफ्ता पुरस्कारांत बेस्ट गेम तो झाला, एल्डन रिंग शर्यतीत असताना. तेव्हापासून मी लपवणं सोडलं.

गंमत म्हणजे तो बनवणारा लुका गलान्टे आधी जुगाराचे गेम्स बनवणाऱ्या क्षेत्रात काम करायचा. पेटी उघडल्यावर जे दिवे, नाणी आणि संगीत उसळतं ते थेट तिथलं आहे. फक्त त्या झगमगाटाच्या शेवटी तुमच्याकडे पैसे मागायला कोणी उभं नाही, आणि साधारण अर्ध्या तासाला यमदूत येऊन खेळ संपवतो. तेच तंत्र, पण त्याला शेवट आहे. मी गेम तोलतो तो असा. गोड लागतंय का हे मी बघतच नाही, गोड लागणारच, ते आमचं कामच आहे. मी बघतो की गेम मला सोडतो का.

ट्रक तुम्हाला सोडतो. महिनाभर उघडला नाही तर ट्रक आहे तिथेच उभा, कोणी रागावत नाही, काही वाया जात नाही. फोनवरच्या गेमबद्दल मला तुमच्या एकाच वाक्यावरून शंका आली, तुम्ही लिहिलंय 'रोज उघडावाच लागतो, नाहीतर स्ट्रीक तुटते', म्हणजे सलग दिवसांची मोजणी तुटते. 'लागतो' हा शब्द गेमसाठी वापरायचा शब्द नाही, तो औषधाच्या गोळीसाठी आहे.

२०१० मध्ये इयन बोगोस्ट नावाच्या प्राध्यापक-डिझाइनरने 'काऊ क्लिकर' नावाचा गेम फेसबुकवर टाकला, त्या काळातल्या शेतीवाल्या गेम्सची टर उडवायला. एक गाय, तिच्यावर दर सहा तासांनी एकदा क्लिक करायचं, संपला गेम. थट्टा होती, पण हजारो लोक मनापासून खेळायला लागले. शेवटी २०११ मध्ये त्याने सगळ्या गाई गायब केल्या, नुसती मोकळी जमीन ठेवली. तरी काही लोक त्या मोकळ्या जागेवर क्लिक करत राहिले. हे मी जेव्हा पहिल्यांदा वाचलं तेव्हा हसलो होतो, नंतर स्वतः एका फोनगेमच्या टीममध्ये वर्षभर काम केलं आणि हसू गेलं. तिथे मीटिंगमध्ये 'मजा' हा शब्द फार कमी यायचा. 'परत किती जण येतात' हा आकडा रोज यायचा. उरलेल्या पाच लाइफ, चार तासांत भरणारी एनर्जी, सलग सातव्या दिवसाचं बक्षीस, हे सगळं घड्याळाशी बांधलेलं असतं, खेळाशी नाही.

याचा अर्थ गोळ्या जुळवणं वाईट असा अजिबात नाही. रांगेत उभं असताना, डोकं शिणलेलं असताना त्यासारखं दुसरं काही नाही. किती तास खेळता यावरूनही मी काही म्हणणार नाही, ते तुमच्या कामावर, झोपेवर, घरात कोण आहे यावर अवलंबून आहे आणि मला त्यातलं काही माहीत नाही. फक्त पैसे घालत असाल तर शेवटचे तीन महिने किती गेले ते एकदा खरेदीच्या हिस्टरीत जाऊन बघा, अंदाज करू नका, आपला अंदाज नेहमी कमी निघतो.

तर करायचं काय. विचरला चौथी संधी द्यायचीच असेल (द्यायलाच हवी असं काही नाही) तर नवा सेव्ह नको, जुनाच उघडा, डिफिकल्टी सगळ्यात खाली आणा, नकाशावरची प्रश्नचिन्हं फिल्टरमधून बंद करा आणि फक्त बॅरनची मुख्य गोष्ट संपवा. ती संपल्यावरही हात फोनकडे जात असेल तर गेम तुमचा नाही, विषय संपला. डार्क सोल्समध्ये ते बाजूचं दार शोधा आणि पुढच्या दोन तासांत काय वाटतं बघा. रेड डेड राहू दे.

फोनवरच्या गेमचं मात्र हे करा: त्याची सगळी नोटिफिकेशन्स बंद, आणि स्ट्रीक आजच मुद्दाम तोडा. दोन-तीन दिवस हात शिवशिवेल. पंधरा दिवसांनी स्वतःहून आठवण येऊन उघडलात तर बिनधास्त खेळा आणि मित्रांना स्क्रीनशॉटही पाठवा. आणि आठवणच आली नाही, तर तेवढ्या वेळात ट्रकच्या किती फेऱ्या झाल्या ते मला येऊन सांगा.